नंतर सांगते

(निपाणी येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



माझ्या उजव्या हाताला एक ताई उभ्या आहेत. मी जे बोलते आहे ते त्या हातांनी सांगताहेत. पुढच्या दोन रांगांतली मंडळी माझ्याकडे बघतच नाहीत, ताईंकडे बघताहेत. या गावात मी लहानाची मोठी झाले, या सभागृहात शेकडो व्याख्यानं ऐकली, पण असं दृश्य इथं कधी पाहिलं नव्हतं. म्हणून बोलायला उभी राहिल्यावर क्षणभर माझा आवाज अडखळला. पुढच्या दोन रांगांना तो अडखळलेला कळला नसेल. चेहरा मात्र कळला असणार, कारण चेहरा वाचण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

ज्या मास्तरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी शिकले. सीमालढ्यात ते तुरुंगात गेले होते. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. पुढं महाजन आयोग आला, १९६७मध्ये त्याचा अहवाल आला, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा चालू आहे. ८६५ गावांचा हा हिशेब इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. भाषा गेली म्हणजे माणसाचं काय जातं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गुरुजी काय बोलतात ते कळत नाही, तरी मान हलवत बसलेलं पोर आपण पाहिलेलं आहे. त्या पोराच्या वतीनं मास्तर भांडले.

मला आज विचारायचं आहे ते एवढंच. तसंच मान हलवणारं एक पोर आपल्याच घरात, आपल्याच ताटाला ताट लावून बसलेलं असतं. मराठीही त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. त्याच्या भाषेसाठी आपण काय केलं?

ते पोर माझ्या घरात होतं. माझा धाकटा भाऊ. जन्म १९६४चा. आई विड्या वळायची, त्या काळी निपाणीत निम्म्या घरांतून सूप मांडीवर असायचं. भाऊ वर्षाचा झाला तरी हाकेला वळेना. घरात परीक्षा झाली ती थाळी वाजवून. त्याच्या पाठीमागं आजीनं थाळी बडवली आणि तो वळला! सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आज मला माहीत आहे की थाळी जमिनीजवळ बडवली की हादरा फरशीतून अंगात जातो, मागं कोणी हललं की सावली पडते, वारा लागतो. बाळ कानानं नाही, कातडीनं वळतं. पण आम्ही म्हणालो, "ऐकतंय की! बोलायला उशीर लागंल, त्याचा बापबी उशिराच बोलला." असं करत तो पाचाचा झाला.

ही पाच वर्षं म्हणजे काय असतात? मूल भाषा शिकतं ते पहिल्या दोन-चार वर्षांत. मेंदूत भाषेची घडी त्या वयात बसते. ती कानातून आलेल्या शब्दांनी बसते, तशीच डोळ्यांतून आलेल्या खुणांनीही बसते. पण काहीच आलं नाही तर वेळ थांबत नाही. बहिरेपणानं मुलाचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान त्या रिकाम्या वर्षांनी होतं. कान नसलेलं मूल शहाणं, शिकलेलं, हजरजबाबी होऊ शकतं. भाषाच न मिळालेल्या मुलाला "काल", "उद्या", "का", "जर" हे सगळं कुठून मिळणार? माझ्या भावाला बारा वर्षांपर्यंत 'उद्या' समजावता येत नव्हतं. उद्या जत्रा आहे म्हणून नवे कपडे दाखवले की तो लगेच घालून दारात उभा राहायचा.

आज थाळीची गरज नाही. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून, ते झोपलेलं असतानाच, कानाची चाचणी होते. शंका आली तर 'बेरा' नावाची तपासणी करतात. तिच्यात आवाज मेंदूकडे पोचतो की नाही ते डोक्याला लावलेल्या तारांवरून समजतं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना सुरू, असा जगभर मानलेला क्रम आहे. तो कोणी उगीच ठरवलेला नाही. सहा महिन्यांच्या आत कळलेल्या मुलांची भाषा नंतर कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढं जाते, हे १९९८मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासानं दाखवलं. २०१३पासून आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जन्मजात बहिरेपणाची तपासणी धरलेली आहे. तेव्हा बाळंतपणाच्या दवाखान्यातून घरी निघताना एक प्रश्न विचारा : कानाची चाचणी झाली का? झाली नसेल तर कुठं होईल?

आणखी एक गोष्ट मी सभेत बोलते म्हणून काही जण नाराज होतील. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं. पलीकडं कानडी घरांत मामा-भाचीचंही होतं. नातं जवळचं असलं की बहिरेपणाचं एकच सदोष जनुक आई आणि बाप दोघांतही असण्याची शक्यता वाढते. दोघांत ते असलं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मूल बहिरं जन्मण्याची. आईबाप दोघेही उत्तम ऐकणारे, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. याच कर्नाटकात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात अलीपूर नावाचं गाव आहे. जवळच्या नात्यांतल्या लग्नांमुळं तिथं बहिऱ्यांची संख्या एवढी झाली की गावाची स्वतःची खुणांची भाषा तयार झाली आणि ऐकणारेही ती बोलतात. मी सुनेला दोष द्यायला हे सांगत नाही. उलट आपल्याकडे असं मूल झालं की पहिला दोष सुनेवर येतो, तिच्या ग्रहणावर, तिच्या नवसावर येतो. ते थांबावं म्हणून सांगते. गरोदरपणातला रुबेला, जन्मतः फार वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, वाहणारा कान आणि त्यात ओतलेलं गरम तेल, ही कारणं आहेत. ग्रहण नाही.

आता श्रवणयंत्र. आमच्याकडे सगळे 'मशीन'च म्हणतात. भावाला मिळालं ते छातीवर पट्ट्यात बांधायचं, त्यातून वायर कानात. लोकांना वाटतं मशीन लावलं की झालं. चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येत नाही. ते आवाज मोठा करतं, स्पष्ट करत नाही. पंख्याचा, भांड्यांचा, रस्त्यावरच्या ट्रकचा आवाजही मोठा होतो. कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन करून कानाच्या शंखात तार बसवतात, तेव्हा खूप मुलांना खरंच ऐकू येऊ लागतं. केंद्राच्या एडिप योजनेतून गरिबांच्या मुलांनाही ते मिळालं आहे. पण ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं रोज शिकवावं लागतं, बाहेरचं यंत्र बिघडलं की खर्च येतो. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंच्याहत्तर. जवळचा दवाखाना एका राज्यात, रेशनकार्ड दुसऱ्या राज्याचं. या खेपा आणि हे कागद ज्यांनी केले त्या आयांना मी ओळखते. त्यांना दुरून नमस्कार करून भागणार नाही.

मशीन लावा, ऑपरेशन करा, बोलायला शिकवा. माझा याला विरोध नाही. माझी तक्रार निराळी आहे. बोलणं येईल तेव्हा येईल, तोवर मुलाला भाषेवाचून ठेवायचं, हा हिशेब चुकीचा आहे.

हा हिशेब आला कुठून? १८८०मध्ये इटलीत मिलान इथं बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. जवळजवळ सगळे ऐकणारे. त्यांनी ठराव केला की शाळेतून खुणा हद्दपार करा, मुलांना फक्त ओठ वाचायला आणि बोलायला शिकवा. आपल्या देशातली बहिऱ्या मुलांची पहिली शाळा बिशप मेरिन यांनी मुंबईत काढली ती त्यानंतर लगेच, १८८४-८५च्या सुमारास. म्हणजे आपली सुरुवातच त्या ठरावाच्या सावलीत झाली. तो ठराव चुकीचा होता, त्यानं नुकसान झालं, हे त्याच परिषदेच्या वारसांनी २०१०मध्ये व्हँकुव्हरला मान्य केलं. एकशे तीस वर्षांनी. त्या एकशे तीस वर्षांत माझ्या भावाचा हातही आला. आठव्या वर्षी त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या निवासी शाळेत घातलं. तिथं खुणा केल्या की हाताच्या पेरांवर पट्टी बसायची. शिक्षक वाईट नव्हते. त्यांना तसंच शिकवलं होतं.

ओठ वाचणं म्हणजे काय, हे आज घरी जाऊन करून बघा. आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता म्हणा : मामा, बाबा, पापा. तिन्ही एकच दिसतात. प, ब, म ओठांवर एक. क आणि ग तर घशातच राहतात, दिसतच नाहीत. आता त्यात आपली सीमा घाला. घरी आई 'पाणी' म्हणते, शाळेत बाई 'नीरु' म्हणतात, पुस्तकात 'वॉटर' असतं. कानडीत 'बा' म्हणजे ये. आमच्या भावाला शेजारच्या कानडी काकू 'बा' म्हणून बोलवायच्या, आणि तो इकडं तिकडं बघायचा, बाबा आले की काय! ऐकणाऱ्या पोराला तीन भाषा म्हणजे श्रीमंती. नुसत्या ओठांवर जगणाऱ्या पोराला तीन भाषा म्हणजे तीन भिंती.

आणि त्या निवासी शाळांतली पोरं काय करत होती? पट्टी बसत होती तरी रात्री वसतिगृहात, दिव्याच्या उजेडात, मोठी मुलं लहान मुलांना खुणा शिकवत होती. शिक्षकांनी जी भाषा बंद केली ती त्यांनी जिवंत ठेवली. ती तोडक्यामोडक्या हातवाऱ्यांची नव्हती. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जेम्स वुडवर्ड आणि मदन वसिष्ठ हे अभ्यासक अमेरिकेहून आले. वसिष्ठ स्वतः बहिरे, हिमाचलमधले. दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणा त्यांनी टिपल्या. शब्दांत प्रांतोप्रांती फरक सापडला, पण भाषा एकाच कुळातली निघाली. तिला व्याकरण आहे. प्रश्न विचारणारा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात, म्हणजे भुवई हा तिथं व्याकरणाचा भाग आहे. बाईची खूण नाकपुडीजवळ होते, जिथं नथ असते. पुरुषाची खूण म्हणजे मिशी. आपल्या मातीतून आलेली भाषा आहे ही, कुठून आयात केलेली नाही.

आपल्याच उंबऱ्यावरची गोष्ट सांगते. इचलकरंजी इथून तासाभराच्या अंतरावर. १९९७ साली तिथून दिलीप देशमुख यांचं 'साइन लँग्वेज अँड बायलिंग्वलिझम इन डेफ एज्युकेशन' हे पुस्तक निघालं. बहिऱ्या मुलाला आधी खुणांची भाषा द्या आणि तिच्या पायावर लिहिण्यावाचण्याची दुसरी भाषा उभी करा, हा द्विभाषेचा विचार त्या पुस्तकात आहे. आपल्या देशात खुणांना शाळेत कोणी विचारत नव्हतं तेव्हा हे पुस्तक यंत्रमागांच्या गावातून आलं, याचा मला अभिमान वाटतो. यंत्रमागांवरून आठवलं. माझी मावशी इचलकरंजीला दिली होती. कारखान्यात गेलं की मागांच्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. तिथं धडधाकट कानांचे कामगार दिवसभर हातांनीच बोलतात : धागा तुटला, कांडी आण, चहा सांग. कोणाला त्यात लाज वाटत नाही. जनावरांच्या बाजारात हातावर टॉवेल टाकून बोटांनी सौदा होतो, त्यातही नाही. बोटांच्या भाषेला मराठीत 'करपल्लवी' हा केवढा देखणा शब्द आहे! मग बहिऱ्या पोराच्या आईनं बसस्टँडवर हात हलवला की तिलाच का चोरट्यासारखं होतं?

कित्येक घरांत मी ऐकलं आहे, "खुणा शिकवू नका, मग ते बोलायचंच नाही." ही भीती मी समजू शकते, कारण ती तज्ज्ञांच्याच तोंडून आईबापांपर्यंत आलेली आहे. पण एक भाषा आली म्हणून दुसरी येत नाही, हे आपण सीमाभागातल्या माणसांनी मानायचं? आपल्या घरात मराठी, बाजारात कानडी, टीव्हीवर हिंदी. एका भाषेनं दुसरीला कधी अडवलं नाही. रुजलेली एक भाषा असली की दुसरी तिचा हात धरून येते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं खुणांच्या भाषेला शिक्षणात जागा दिली. २०१५मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन आणि प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिनं २०२१मध्ये १०,००० शब्दांचा कोश पुरा केला, तो चित्रफितींच्या रूपात मोबाइलवर फुकट बघता येतो. मुक्त विद्यालयात ही भाषा विषय म्हणून घेता येते. डिसेंबर २०२४पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी याच भाषेसाठी आहे. हे सगळं झालं आहे. झालेलं नाही ते असं, की आपल्या गावच्या शाळेत बहिरं पोर बसवलं, हजेरीपटावर 'समावेशित' लिहिलं, आणि गुरुजी फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलत राहिले. त्या पोराच्या दृष्टीनं तास तिथंच संपला. माझ्या शिक्षक मित्रांनो, आधी लिहा, मग वर्गाकडे वळा, मग बोला. पाठीमागं खिडकी ठेवून उभे राहू नका, उजेड तोंडावर पडू द्या. आणि वर्गातल्या तीस मुलांना आठवड्याला दहा खुणा शिकवा. मुलं चार दिवसांत शिकतात, कारण वर्गात गुपचूप बोलायची याच्याइतकी सोय दुसरी नाही.

आणखी एक मला फार मोलाचं वाटतं. कोल्हापूरचा बहिरा मुलगा आणि बेळगावचा बहिरा मुलगा भेटले की पाच मिनिटांत गप्पा रंगतात. त्यातला एक मराठी घरातला असतो, एक कानडी. कोणाची पाटी कोणत्या लिपीत, हे त्यांच्यात आडवं येत नाही. आपल्या सीमेचा दावा ज्या सर्वोच्च न्यायालयात इतकी वर्षं पडून आहे, तिथंच सप्टेंबर २०२३मध्ये बंगळूरच्या सारा सनी या बहिऱ्या वकिलांनी खुणांच्या भाषेत बाजू मांडली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्यांच्या दुभाषाला परवानगी दिली. ती बातमी मी भावाला दाखवली. त्यानं ती तीनदा बघितली.

आता घराकडं येते, कारण शाळा सुट्टी देते, घर देत नाही.

आमच्या घरी दिवाळीत पंगत बसायची. मामा, काका, चुलत भावंडं, सगळे. कोणीतरी काही बोलायचं आणि हशा उसळायचा. भाऊ सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचा आणि उशिरा, एकटा, हसायचा. मग माझ्या दंडाला हात लावायचा : काय झालं? मी म्हणायची, "काय न्हाई. मग सांगते." त्याला हे ओठ पाठ झाले होते. मराठीतलं त्यानं सगळ्यात आधी अचूक वाचलेलं वाक्य कोणतं असेल, तर हे. 'मग सांगते', 'नंतर सांगते'. नंतर कधीही कोणी सांगितलं नाही. बहिऱ्या माणसांना विचारा, जगात कुठंही, प्रत्येकाच्या घरात हे वाक्य आहे. आमच्यात त्याच्यावर कोणाची माया नव्हती असं नाही. त्याच्या वाटणीचा लाडू आधी बाजूला निघायचा. वाक्य मात्र त्याच्या वाटणीचं कोणी काढून ठेवलं नाही. वडील गेले तेव्हा त्यांना काय झालं होतं, हे त्याला दहा दिवसांनी कळलं, तेही अर्धं. मालमत्तेच्या कागदावर त्यानं सही केली, कशावर ते न कळता. मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळं बोलणं त्याच्या डोक्यावरून झालं.

मी खुणा शिकले त्या वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. नोकरी, संसार, सबबी पुष्कळ होत्या. एका बहिऱ्या तरुण मुलीनं मला शिकवलं, दर रविवारी. माझे हात जड होते, भुवया हलायच्या नाहीत, ती हसायची आणि परत करून घ्यायची. पाचेक वर्षांत मी भावाशी गप्पा मारण्याइतकी तयार झाले.

२०१२ची दिवाळी. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा. फराळ झाल्यावर ओसरीवर बसलो होतो, आई भिंतीला टेकून. मी सहज विचारलं, वसतिगृहातला पहिला दिवस आठवतो का? तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याचे हात हलले. म्हणाला, त्याच्या आधीच्या आठवड्यात मी आईचं विड्यांचं सूप पाण्याच्या घमेल्यात पाडलं होतं. सगळ्या विड्या भिजल्या. आई रडली, बाबांनी मला मारलं. मग एका सकाळी नवे कपडे घातले, गाडीत बसवलं, तिथं सोडलं आणि तुम्ही निघून गेलात. मला वाटलं विड्यांसाठी टाकलं. दिवाळीला न्यायला आलात तेव्हा वाटलं माफ केलं. परत सोडलंत तेव्हा वाटलं, नाही केलं.

चाळीस वर्षं हे त्याच्या मनात होतं. तो शाळेत जातो आहे, शिकायला जातो आहे, आम्ही परत येणार आहोत, हे चार शब्द सांगण्याइतकी भाषा आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती.

आईनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय म्हणतोय गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग सांगते." ती म्हणाली, "आत्ता सांग."

मी सांगितलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "विड्यांसाठी नव्हतं, हे त्याला कसं सांगायचं ते मला दाखव." मी दाखवलं. पन्नास वर्षं विड्या वळून तिची बोटं आत वळलेली, उघडेनात. तिनं दोनदा केलं, दोन्हीदा चुकलं. भाऊ उठून तिच्यासमोर बसला, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट सरळ करून त्यानं ती खूण तिच्या हातानं करून घेतली.